माती, मीठ आणि दगड : जायबंदी हाताच्या उपचाराची एक कहाणी

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर लोहारा लागते. शहराला जवळजवळ चिकटलेले आणि औद्योगिक वसाहतीमुळे जिल्ह्यात सर्वांना ठाऊक असलेले हे गाव. त्याचे नाव उच्चारले की भाता, ऐरण आणि घण उचलणारा हात डोळ्यांपुढे येतो. आम्ही दोघे येथे राहतो आणि महाविद्यालयात मराठी शिकवितो. गेल्या पावसाळ्यात आम्हां दोघांपैकी एकाचा पाय शेवाळलेल्या पायरीवरून घसरला आणि उजवे मनगट मोडले. कोणाचे, हे सांगण्याचे कारण नाही. कारण पुढचे तीन महिने त्या एका हाताभोवतीच दोघांचेही दिवस फिरत राहिले.

पडताना माणूस आपसूक हात पुढे करतो, सगळा भार तळहातावर येतो आणि मनगटाजवळचे हाड मोडते. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये या अस्थिभंगाचे वर्णन केले. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा आणखी ऐंशी वर्षे होती. केवळ बोटांनी चाचपून त्यांनी हे हाड ओळखले. म्हणजे आमचा अपघात अगदी पाठ्यपुस्तकी होता. सहा आठवडे प्लास्टर राहिले. ते काढले त्या दिवशी हाड जुळल्याचा आनंद फार वेळ टिकला नाही. प्लास्टरखालून निघालेला हात ओळखीचा वाटेना. तो फिकट पडला होता, वाळला होता, आणि मुख्य म्हणजे आज्ञा पाळीत नव्हता. वर्गात खडू हाती घेतला. 'अ' चा पहिला वळसा अर्ध्यावर आला आणि खडू खाली पडला. मुले हसली नाहीत, याचे वाईट वाटले.

मराठीने हाताला केवढे स्थान दिले आहे, हे एरवी आम्ही वर्गात सांगत असतो. हातखंडा, हातोटी, हातघाई, हातभार, हस्ताक्षर, हाताला यश असणे, मनगटात जोर असणे, आणि या सर्वांहून खरे म्हणजे हातावर पोट असणे. हा शेवटचा वाक्प्रचार शिकविताना आम्ही त्याचा अर्थ 'रोज कमावून रोज खाणे' असा सांगून पुढे जात आलो. त्या वाक्प्रचारात खरोखरीचा हात आहे, कातडीचा, हाडांचा, शिरांचा हात आहे, हे आम्हांस यवतमाळातील एका भौतिकोपचार केंद्राच्या खोलीत कळले.

त्या खोलीत आमच्या शेजारच्या खुर्चीवर दारव्हा तालुक्यातील एक तरुण बसत असे. कडबा कुट्टीच्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांच्या शिरा तुटल्या होत्या. नागपुरात शस्त्रक्रिया झाली होती. शिरा जोडल्या गेल्या होत्या. बोटे जागेवर होती, पण मिटत नव्हती. केंद्र चालविणाऱ्या तरुण बाई त्याला रोज तेच ते व्यायाम देत. बोट वाकवा, सरळ करा, पुन्हा वाकवा. पंधराव्या वेळी त्याच्या कपाळावर घाम येई आणि तो खिडकीबाहेर पाहू लागे. एके दिवशी बाईंनी पुण्याहून आणलेला एक वापरलेला हेडसेट त्याच्या डोळ्यांवर चढविला. त्यातील कॅमेरे समोरचा हात पाहतात आणि डोळ्यांपुढच्या आभासी जगात तसाच एक हात उभा करतात. त्या जगात रंगीत फुगे तरंगत येत होते. फुगा चिमटीत धरला की फुटायचा. तरुणाने पन्नासएक फुगे फोडले. मोजायचे त्याच्या ध्यानातही राहिले नाही. हेडसेट काढल्यावर तो आपल्या बोटांकडे पाहत म्हणाला, "मॅडम, फुगे त फुटले, पन हाताले काईच लागलं नाई. वजनच नाई ना त्याले."

हे वाक्य आमच्या मनातून गेले नाही. तक्रार म्हणून ते बोललेले नव्हते. हाताने काम करणाऱ्या माणसाचे ते साधे निरीक्षण होते. पण त्यातून आम्ही शोधू लागलो की, मोडलेल्या हाताला पुन्हा कामाला लावण्याची विद्या आली कोठून, आणि त्या विद्येत या वजनरहित फुग्याची जागा कोणती.

शोध फार मागे गेला. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात भग्नचिकित्सेचा, म्हणजे मोडलेल्या हाडांच्या उपचाराचा अध्याय आहे. हाड बसवावे कसे, झाडांच्या सालींच्या व बांबूच्या पट्ट्या बांधाव्या कशा, याचे तपशील तेथे येतात. तळहाताच्या अस्थिभंगाबद्दल सांगताना मात्र ग्रंथकार बांधून थांबत नाही. हाड जुळून आल्यावर रुग्णाने हातात प्रथम मातीचा गोळा धरावा, त्यानंतर मिठाचा खडा, आणि हातात बळ आले म्हणजे दगड धरावा, असे तो सांगतो. आजच्या भौतिकोपचारात ज्याला क्रमाक्रमाने वाढविलेला प्रतिरोध म्हणतात, ती कल्पना येथे तीन पदार्थांत मांडली आहे. माती दाबली की दबते. हाताला दुखवीत नाही. मिठाचा खडा दबत नाही, पण आटोपशीर असतो. दगडाला वजन असते आणि तो हाताची गय करीत नाही. यांतील एकही वस्तू विकत आणावी लागत नाही, की वैद्याच्या घरी जाऊन वापरावी लागत नाही. आमच्या शेजारच्या खुर्चीवरच्या तरुणाने फुग्यात जे शोधले आणि ज्याची उणीव त्याला जाणवली, ते वजन या क्रमात पायरीपायरीने येते.

या शहाणपणाचा धागा आधुनिक वैद्यकात सरळ चालत आलेला नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दुखापत झालेल्या हाताला विश्रांती द्यावी, हलवू नये, याच समजुतीचा जोर होता. त्याला कारणही होते. आपल्या बोटांत स्नायू नसतातच. बोटे हलविणारे बळकट स्नायू कोपराखालच्या भागात असतात आणि तेथून निघालेल्या कंडरा, ज्यांना आपण बोलीत शिरा म्हणतो, त्या मनगटातून बोटांपर्यंत जातात. कळसूत्री बाहुलीची सूत्रे जशी वरून ओढली जातात, तसा हा प्रकार आहे. बोटात ही सूत्रे एका अरुंद नळीतून सरकतात. कंडरा तुटली आणि शिवली, तर जखम भरताना ती आजूबाजूच्या भागाला चिकटते. चिकटली की सरकत नाही; सरकली नाही की बोट ताठरते. हलवावी, तर टाका तुटण्याचे भय. हलवू नये, तर चिकटण्याची खात्री. अमेरिकेतील हस्तशल्यविशारद स्टर्लिंग बनेल यांनी बोटाच्या मुळाजवळच्या या भागाला रणभूमीवरील दोन सैन्यांमधल्या निर्मनुष्य पट्ट्याचे नाव दिले होते. तेथे तुटलेली कंडरा लगेच शिवूच नये, केवळ कातडी मिटवावी आणि पुढे दुसरीकडची कंडरा आणून जोडावी, असा त्यांचा सल्ला होता. १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या हस्तशल्यावरील ग्रंथाने एक पिढी घडविली.

हा पट्टा ओलांडला तो १९६० च्या दशकात, आणि कशाने, तर रबराच्या तुकड्याने. केंटकीतील लुईव्हिल येथील हॅरल्ड क्लाइनर्ट आणि त्यांचे सहकारी शिवलेल्या बोटाच्या नखाला रबरबँड बांधून तो मनगटाशी अडकवीत. रुग्णाने बोट स्वतः सरळ करायचे. मिटण्याचे काम रबर करी. त्यामुळे शिवलेल्या कंडरेवर ताण न येता ती नळीत सरकत राही आणि चिकटत नसे. आपल्याकडे मुंबईचे हस्तशल्यविशारद डॉ. बी. बी. जोशी यांनी बारीक तारा हाडात घालून त्या बाहेरून जोडण्याची जी पद्धत तयार केली आणि जी 'जेस' या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते, तिचाही एक मोठा लाभ हाच आहे. मोडलेले हाड स्थिर राहते आणि शेजारचे सांधे हलते ठेवता येतात. शल्यक्रियेने हात वाचतो. तो चालता होतो तो पुढच्या आठवड्यांत, रोजच्या कंटाळवाण्या हालचालींतून. हे एकदा मान्य झाल्यावर प्रश्न उरला तो या कंटाळ्याचा. एकच हालचाल दिवसातून शेकडो वेळा माणसाने करावी कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर शल्यगृहाबाहेर आधीच शोधले गेले होते. जॉर्ज बार्टन नावाचे एक अमेरिकन वास्तुविशारद क्षयाने आणि पुढे शरीराच्या डाव्या बाजूच्या लुळेपणाने जर्जर झाले होते. सुतारकाम आणि बागकाम करता करता आपला हात पुन्हा चालू लागला, असा त्यांचा अनुभव होता. मार्च १९१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे त्यांच्या घरी काही मंडळी जमली आणि व्यवसायोपचाराच्या प्रसारासाठी एक संस्था स्थापन झाली. पुढच्याच महिन्यात अमेरिका महायुद्धात उतरली आणि जखमी सैनिकांच्या हातांसाठी माग, टोपल्या, लाकूडकाम यांना रुग्णालयात जागा मिळाली. व्यायाम म्हणून जो हात दहा वेळाही उचलत नाही, तो पट्टी विणताना दोनशे वेळा धोटा फेकतो, कारण त्याला पट्टी पुरी करायची असते. व्यवसायोपचार या शब्दातला व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे. हाताला आणि मनाला गुंतवून ठेवणारी कृती, असा त्याचा अर्थ आहे.

ही विद्या महाराष्ट्रात आणणाऱ्या बाईंचे नाव आमच्या पिढीच्या मराठी वाचकाला फारसे ठाऊक नाही, याची आम्हांस खंत वाटते. कमला निंबकर या जन्माने एलिझाबेथ लुंडी. १९०० साली अमेरिकेत जन्मलेल्या, क्वेकर पंथाच्या संस्कारांत वाढलेल्या. विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून १९३० च्या सुमारास त्या भारतात आल्या आणि येथल्याच झाल्या. चाळिशी ओलांडल्यावर त्या पुन्हा अमेरिकेला गेल्या, फिलाडेल्फियात विद्यार्थिनी होऊन व्यवसायोपचार शिकल्या आणि परतल्या. १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी या विषयाची शाळा सुरू केली. देशातली ती पहिली शाळा. रुग्णालय परळचे, गिरणगावाच्या मधोमध. तेथे येणाऱ्यांत हातावर पोट असणारी माणसे किती असतील, हे सांगायला नको. १९५२ साली व्यवसायोपचारकांचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा संस्थापक दहा देशांत भारत होता; त्यामागे बाईंचे कष्ट होते. त्याच दशकाच्या उत्तरार्धात नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात व्यवसायोपचाराची शाळा निघाली, तीही त्यांच्याच प्रयत्नांनी. विदर्भाला ही विद्या मिळाली ती तेथून. १९७९ मध्ये बाई वारल्या. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी उभ्या केलेल्या शाळेला त्यांचे नाव आहे, 'कमला निंबकर बालभवन'. इरावती कर्वे यांच्या कन्या जाई निंबकर या कमलाबाईंच्या स्नुषा, हे साहित्याच्या वाचकाला जोडून सांगावेसे वाटते.

विदर्भाने मात्र शाळा निघण्याआधीच हाताच्या या शास्त्राचा एक वेगळा धडा गिरविला होता. कुष्ठरोगात मज्जातंतू मरतात, बोटे आखडतात आणि हाताला वेदना कळेनाशी होते. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारले. आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या वरोऱ्याजवळ १९५१ मध्ये बाबा आमटे यांचे आनंदवन सुरू झाले. या तिन्ही ठिकाणी आखडलेल्या, झडलेल्या बोटांच्या माणसांच्या हाती काम दिले गेले. पुढे आनंदवनातल्या मागांवर अशा हातांनी कापड विणले. त्याच सुमारास वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांच्या आखडलेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करू लागले होते. चांगल्या स्नायूची कंडरा सोडवून ती निकामी झालेल्या बोटाला जोडायची, ही त्यांची रीत. पण शस्त्रक्रियेनंतर खरी अडचण येई. जो स्नायू आजवर एक काम करीत होता, त्याला आता दुसरे काम शिकावे लागे. मेंदूला आणि हाताला पुन्हा बाराखडीपासून सुरुवात करावी लागे. स्वतः सुतारकाम शिकलेल्या ब्रँड यांनी त्यासाठी रुग्णालयाच्या आवारात वस्ती वसविली आणि रुग्णांना हत्यारे दिली. वेदना नसलेल्या हाताला हत्याराची मूठ किती घट्ट धरावी हे कळत नाही, म्हणून मुठींचे आकारही त्यांना बदलावे लागले. वेदना ही हाताची राखणदार आहे, हे त्यांनी पुढे आयुष्यभर सांगितले.

येथवरची कहाणी मातीची, मिठाची आणि दगडाची आहे. सर्व वस्तू खऱ्या, सर्वांना वजन. आता त्या फुग्याकडे येऊ.

त्याचा जन्म उपचारासाठी झालेला नाही. टॉमस झिमरमन नावाच्या एका अमेरिकन तरुणाला हवेत बोटे नाचवून गिटार वाजविल्याचे सोंग करण्याचा नाद होता. या सोंगातून खरा सूर निघावा, म्हणून १९८० च्या दशकाच्या आरंभी त्याने बोटांचे वाकणे मोजणारा हातमोजा तयार केला. पुढे जॅरन लेनियर यांच्यासह त्याने काढलेल्या व्हीपीएल कंपनीने तो 'डेटाग्लोव्ह' नावाने बाजारात आणला, आणि १९८७ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' च्या मुखपृष्ठावर तो झळकला. आभासी वास्तव हा शब्द रूढ करण्यात लेनियर यांचा वाटा मोठा. १९८९ साली याच कल्पनेचे स्वस्त रूप 'पॉवर ग्लोव्ह' म्हणून निन्टेन्डोच्या खेळांसाठी विकले गेले आणि लवकरच अडगळीत पडले. हात मोजणारा मोजा आहे, तर आजारी हात का मोजू नये, हा विचार त्यानंतर काही संशोधकांना सुचला.

न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठात ग्रिगोरे बर्डिया आणि त्यांचे सहकारी यांनी तळहातात हवेच्या दाबावर चालणारे लहान दट्ट्ये बसविलेला मोजा केला. संगणकाच्या पडद्यावर चेंडू दिसे. रुग्णाने तो दाबला की दट्ट्ये बोटांना उलट ढकलत आणि चेंडू खरोखर दाबल्यासारखे वाटे. २००० साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात जे व्यायाम आहेत, ते वाचताना आम्ही क्षणभर थबकलो. रबरी चेंडू दाबणे, मळून ठेवलेल्या लगद्याचा गोळा चेपणे, भोकांत खुंट्या बसविणे. सुश्रुताचा मातीचा गोळा तेथे हवेच्या दाबातून पुन्हा अवतरला होता. रुग्ण आपल्या घरी आणि उपचारक दूर स्टॅनफर्डला, अशी त्यांची योजना होती. म्हणजे दूरच्या गावातील हाताचा प्रश्न त्यांनाही पडलेलाच होता.

दुसरा प्रवाह वेदनेचा. सिअॅटलमध्ये हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटर्सन १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून भाजलेल्या रुग्णांना मलमपट्टीच्या वेळी आभासी जगात नेऊ लागले. त्यांच्या एका खेळात रुग्ण बर्फाच्या दरीतून जात जात हिमगोळे फेकतो. मन तेथे गुंतले की वेदनेकडे लक्ष देण्यास उरत नाही. याच सुमारास व्ही. एस. रामचंद्रन यांनी याहून साधे यंत्र वापरले होते, आरसा. ज्यांचा एक हात गेला आहे आणि तरी त्या नसलेल्या हातात कळा येतात, अशांना त्यांनी चांगल्या हाताचे प्रतिबिंब दाखविले. प्रतिबिंबात दुसरा हात हलताना पाहून काहींच्या कळा थांबल्या. आभासी हाताने खऱ्या मेंदूची समजूत घालता येते, हे एका आरशाने दाखवून दिले.

मोज्याची एक अडचण होती. सुजलेल्या, टाके घातलेल्या हातावर मोजा चढत नाही. २००६ साली आलेल्या 'वी' या निन्टेन्डोच्या खेळात मोजा नव्हता. हातात धरायचा एक दांडा होता. अनेक उपचार केंद्रांनी तो आनंदाने स्वीकारला. त्यावर टेनिस खेळून खेळून खांदा दुखावलेल्याची हकिकत २००७ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकाने छापली, हेही नोंदविले पाहिजे. २०१३ साली 'लीप मोशन' हे काडेपेटीहून थोडे मोठे यंत्र आले. ते अवरक्त प्रकाशाने हवेतला हात पाहते. हाताला काहीही घालावे लागत नाही. २०१९ च्या अखेरीस डोक्यावरच्या हेडसेटमध्येच ही सोय आली. यवतमाळच्या त्या खोलीत आलेला हेडसेट हा या वंशातला.

याचा उपयोग किती? येथे आम्ही साहित्याच्या माणसांची सवय सोडून आकड्यांकडे गेलो. पक्षाघातानंतरच्या आभासी उपचारांवर कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये काढलेल्या आढाव्यात ७२ चाचण्या आणि २,४७० रुग्ण आहेत. नेहमीच्या उपचाराऐवजी खेळ दिला, तर हाताच्या कार्यात विशेष अधिक लाभ दिसला नाही. नेहमीच्या उपचाराला खेळाची जोड दिली आणि एकूण वेळ वाढला, तर लाभ दिसला. सिअॅटलच्या गटाच्या २००९ च्या अभ्यासात भाजलेल्या प्रौढांची वेदना खेळामुळे उतरली, पण सांधा त्यामुळे लक्षणीय अधिक वाकला असे झाले नाही. पक्षाघात, भाजणे आणि कंडरा तुटणे या तीन निराळ्या गोष्टी आहेत; एकीचे अनुमान दुसरीला जसेच्या तसे लावता येत नाही. तरी कल एकच दिसतो. हाताला बरे करणारी गोष्ट पुनरावृत्ती आहे. खेळ ती पुनरावृत्ती सोसवतो, तिचा कंटाळा आणि तिची कळ कमी करतो. हे थोडे नाही. पण हे पुरेसेही नाही.

दारव्ह्याच्या त्या तरुणाने हेच एका वाक्यात सांगितले होते. सुश्रुताच्या क्रमात मातीच्याही आधी एक पायरी असावी, वजन नसलेल्या गोळ्याची. तेथे या फुग्याचे स्थान आहे. ज्या हाताला अजून मातीही पेलत नाही, ज्याला हलण्याचेच भय वाटते, त्याला तो धीर देतो. त्यानंतर माती यावी, मीठ यावे, आणि शेवटी दगड यावा. दगड म्हणजे विळा, बादली, गाईची कास, भरलेले पोते. त्या पायरीपर्यंत हात पोचला नाही, तर आधीच्या सर्व पायऱ्या वाया जातात.

तो तरुण त्या पायरीपर्यंत पोचला का? तीन आठवड्यांनी त्याचे येणे थांबले. शिवलेल्या कंडरेला पुरती ताकद येण्यास तीनएक महिने लागतात, आणि तेवढ्यात कापूस वेचणीला आला होता. येण्याजाण्याचे बसभाडे आणि बुडणारा दिवस, हा हिशेब त्याने आम्हांस आधीच सांगितला होता. त्यात रागाचा सूर नव्हता. आम्हांला पगारी रजा होती; वर्ग सहकाऱ्यांनी सांभाळले होते. एकाच खोलीत, एकाच टेबलावर ठेवलेल्या दोन उजव्या हातांत हा फरक होता.

अपघाताचा मोबदला मोजणारी कोष्टके आम्ही त्यानंतर वाचली. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत, तिच्या सुधारित रूपात, हाताची किंमत टक्क्यांनी लिहिली आहे. अंगठा गेला तर कमाईच्या शक्तीतील ३० टक्के घट, पूर्ण तर्जनी १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. पुढे हा विषय २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. पण ही मोजणी गेलेल्या बोटाची आहे. जागेवर असून न वाकणाऱ्या बोटाचा आकडा या यादीत नाही. तो डॉक्टरांच्या दाखल्यावर ठरतो. आणि हे सर्व मालक असलेल्या कामगारासाठी. स्वतःच्या गोठ्यात, स्वतःच्या कुट्टीवर हात गेलेल्याला मालक कोण? १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा झाला, तो मळणी यंत्रांनी तुटणारे हात पाहून. राज्याच्या गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत एक अवयव निकामी झाल्यास एक लाख रुपये आहेत. दोन ताठर बोटे म्हणजे निकामी अवयव, हे कोणाला पटवून द्यावे? हात तुटला तर त्याची नोंद होते; हात हळूहळू ताठरला, तर त्याची नोंद कोठेच होत नाही. हाताच्या उपचाराचा इतिहास लिहिताना या न नोंदलेल्या हातांची संख्या किती असेल, या विचाराने आम्ही अस्वस्थ होतो.

आभासी वास्तवाच्या बाजूने बोलायचे, तर त्याचे खरे मोल येथेच असू शकेल. बर्डिया यांनी रुग्ण घरी आणि उपचारक दूर, अशी कल्पना मांडून पाव शतक होत आले. मधल्या काळात मोज्याचे ओझे गेले, यंत्र लहान झाले. एखादा हेडसेट तालुक्याच्या रुग्णालयातून आठवड्यापुरता घरी नेता आला आणि बोट किती वाकले हे यवतमाळात बसलेल्या उपचारकाला दिसले, तर वेचणीच्या दिवसांतही अर्धा तास फुगे फोडता येतील. मात्र त्या यंत्राच्या दुसऱ्या टोकाला माणूस हवा. कमलाबाईंनी शाळा काढली ती यासाठी. माग, टोपली, चरखा या वस्तू तर या देशात आधीपासून होत्याच. कोणत्या हाताला कोणती वस्तू कधी द्यावी, हे जाणणारी माणसे नव्हती. आजही तालुक्याच्या ठिकाणी यंत्र पोचणे सोपे आहे. असा जाणकार पोचणे कठीण आहे.

आमचे मनगट आता बरे आहे. तास संपेपर्यंत फळ्यावर लिहिता येते. अक्षर पूर्वीपेक्षा किंचित उजवीकडे कलते. उपचाराच्या शेवटच्या दिवशी बाईंनी कणकेचा गोळा मळायला सांगितला, मग पाण्याने भरलेला तांब्या उचलायला. निघताना आम्ही त्या तरुणाची चौकशी केली. बाईंचे त्याच्याशी फोनवर बोलणे होते. हेडसेट तर त्याच्याकडे नाही, म्हणून त्यांनी त्याला गोठ्याजवळची ओली माती घ्यायला सांगितली आहे. रोज सकाळी गोळा करायचा आणि दाबायचा. तो करतो आहे म्हणाला. बोट थोडे वाकते आहे म्हणाला. मिठाच्या खड्यापर्यंत केव्हा यायचे, ते बाई त्याला फोनवर सांगणार आहेत.